गुहागरची ट्रंक अप आहे

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून नियमित रोजनिशी. व्यायामही.
१४ तारखेला मुंबईचे साहेब तपासणीला येतायत. तोवर आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या एटीएम स्विचवर गुहागरची व्हर्च्युअल ट्रंक, म्हणजे तिथवरची लाइन, चालू दिसली तर स्विच राहील. नाहीतर तो भंगारात आणि मी बाहेर तक्रार-खिडकीवर. (हे एटीएम म्हणजे पैशांचं मशीन नव्हे, फोन-डेटाच्या लाइन जोडणारं यंत्र. जन्मभर हेच सांगतोय.)
बाकी सगळ्यांना फायबरचं वेड लागलंय. नव्याचे नऊ दिवस.
काम सोपं. रत्नागिरी ते गुहागर आपली स्वतःची तार नाही. मधल्या दुसऱ्यांच्या नेटवर्कमधून आपल्यापुरती वाट आखायची. दोन्ही टोकांच्या स्विचवर नंबर जुळला की झालं. अर्ध्या दिवसाचा खेळ.

४ नोव्हेंबर
नंबर टाकला. दिवा लाल. चूक अर्थात गुहागरच्या टोकाची. तिथे हारुन. मीच तयार केलेला माणूस, भावासारखा. फोनवर म्हणाला, आज हेदवीला लाइन तुटलीय, उद्या बघतो.
व्यायामही उद्या.

६ नोव्हेंबर
लालच. हारुनकडे दुबईहून पाहुणे. त्यांना आरे-वारेचा समुद्रकिनारा दाखवायला इकडे येऊन गेला, पण मला भेटला नाही. जरा लागलं.
मग पाहिलं, तर माझ्याच बाजूला नंबर शेजारच्या पोर्टवर पडला होता. कीबोर्ड जुना आहे. दुरुस्त केला. तरी लाल. म्हणजे हारुनच.

८ नोव्हेंबर, शनिवार
दिवसभर हारुनला फोन. आमचे दीपकसाहेब (वय लहान, हुद्दा मोठा) म्हणाले, शिवलकर, द्या सोडून. मी म्हटलं, हारुन मला तोंडघशी पाडणार नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
हिरवा.
ट्रंक अप. एरर शून्य. पाठवू ते जसंच्या तसं परत येतं, तेही तत्काळ. इतकं निर्मळ कनेक्शन उभ्या नोकरीत पाहिलं नाही. ऑफिसभर आंबावडी वाटली. हारुनला फोनवर शाबासकी दिली. त्याने घाईने फोन ठेवला. भरून आलं असेल.

१४ नोव्हेंबर
साहेब आले. म्हणाले, गुहागरला काहीतरी विचारा. मी टाइप केलं, 'तिकडे कोण आहे?' उत्तर आलं, 'तिकडे कोण आहे?' मी सांगितलं, हारुन प्रश्न आधी नीट समजून घेतो. साहेब म्हणाले, त्याला फोन लावा. स्पीकरवर.
हारुन म्हणाला, "सदूभाऊ, हितला स्विच मे म्हयन्यातच काढला. तुमी इतक्या हौसेनं बोलायचात, मला सांगवलं नाय. लाल दिवा तुमच्या डोळ्यांसमोर नको, म्हणून जायची नि यायची वायर हितंच एकमेकांत खोचून दिली."
म्हणजे चार दिवस मी माझ्याशीच बोलत होतो. वर आंबावडी वाटून.
दीपकसाहेबांनी केलं असतं तर समजलो असतो. हारुनने केसाने गळा कापला. ह्याच्याशी आता जन्मात बोलणार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी स्विच बंद केला. टेम्पोत चढवला. मी तक्रार-खिडकीवर. फोन मुद्दाम जवळ ओढून घेतला. आता जिल्हाभर बोंब होईल, मग दीपकसाहेब येतीलच मला शोधत.
दुपार. लोकांच्या अजून लक्षात आलं नसावं.
संध्याकाळ. स्विच गेल्याची एकही तक्रार नाही. फोन वाजला एकदाच. हारुन. उचलणार नव्हतो. पण दिवसभरात मला कुणी हाकच मारली नव्हती.
उचलला.