डावीकडची रिकामी पट्टी

सोमवार, संध्याकाळ

वैशाली पवईला नोकरीला गेली आणि आमच्या मुलुंडच्या फ्लेक्सच्या दुकानातला तिचा कॉम्प्युटर आजपासून माझा. सकाळी डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं, तर टूल्स, रंग, लेयर्स, सगळं उजवीकडे कोंबलेलं. डावीकडे नुसती रिकामी पट्टी. असं कोण काम करतं? मी टूल्स डावीकडे आणले. स्क्रीनवरचे बोटांचे डागही पुसले. ते फक्त डावीकडेच का, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

दुपारी मंडळाचे अध्यक्ष आले, वाढदिवसाच्या बॅनरसाठी. दुकानाचं दार डावीकडे, म्हणून ते तिथेच उभे राहिले आणि स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाले, "याचा फोटो माझ्या शेजारी घे. त्याला खाली टाक." माझे टूल्स पूर्ण वेळ त्यांच्या हाताखाली. अध्यक्षांना हात काढा कसं सांगणार? गेल्यावर बघितलं, डाग परत तिथेच.

आत्ता वैशालीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती हसली. मी विचारलं, तिकडे पण येतात का गं असे बोट ठेवायला?

"नाही रे, इथे सगळे मेल करतात," ती म्हणाली. "तरी मी डावीकडची पट्टी रिकामीच ठेवलीय."