चमकती गंगा, आईचे डोळे

काशी, शनिवार, फेब्रुवारी १९९९

आई सोमवारी दादाकडे नागपूरला चालली, कायमची. लोक म्हातारपणी काशीला येतात, ही गुडघ्यांपायी काशी सोडते आहे. बरोबर न्यायला तिला एकच फोटो हवा होता, ब्रह्मा घाटावरचा, मागे गंगा.

मामेभावाचा डिजिटल कॅमेरा मागून आणला आणि सकाळी तिला हळूहळू घाटावर नेलं. तिच्या चष्म्यावर आकाश इतकं चमकत होतं की डोळेच दिसेनात. म्हणून माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा पोलरायझर फिल्टर भिंगापुढे हातानेच धरला. तो फिरवला की चकाकी जाते. डोळे स्वच्छ दिसले, पण गंगेचीही चमक गेली. पाणी अगदी काळपट. उलटा फिरवला तर गंगा झळाळली आणि चष्मा पुन्हा पांढरा. किती वेळ फिरवत राहिलो कोण जाणे.

"बाळ्या, फोटो काढतोयस की नळ दुरुस्त करतोयस?" आई म्हणाली.

शेवटी दोन्ही फोटो काढले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला दाखवले. मला काळ्या पाण्याचाच आवडला होता, पण बोललो नाही. फोटो तिला हवा होता, मग डोळ्यांसाठी मी का अडून बसलो होतो?

तिने चमकणारी गंगा निवडली.

"यात तुझे डोळेच दिसत नाहीत," मी म्हणालोच.

"तिथे काय मलाच बघत बसू? दुसरा तू ठेव. गंगा काय, तुला रोजच दिसेल."