क्लच जपायचा असतो

सोमवार, ३ मार्च
गाडी सुरू झाली नाही. सेकंडहँड आहे. काल मेहुण्याने चालवत आणून दारात लावली, तेव्हा धावत होती. आज मी किल्ली फिरवली तर हूं की चूं नाही. बॅटरी. शंकाच नको.
डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, आत पायाचं चित्र. डोळ्यांत खुपतो. वर काळी चिकटपट्टी लावली.
शुक्रवारी बायकोची लायसन्सची टेस्ट, याच गाडीवर. लायसन्स मिळालं तरच तिची नवी नोकरी. तिथे बस जात नाही. म्हटलं, मी आहे ना.

मंगळवार
नवी बॅटरी घातली. ढिम्म. दुकानदाराने खराब बॅटरी गळ्यात मारली.
बायको म्हणते, क्लासमध्ये क्लच दाबून गाडी सुरू करायला शिकवतात. हसलो. जुनी गाडी एकोणीस वर्षं क्लचला पाय न लावता सुरू केली. क्लच जपायचा असतो. या क्लासवाल्यांना काय कळणार.

बुधवार
मेकॅनिक आला, बसला, गाडी सुरू. मी बॉनेटला कान लावून होतो. इंजिन ऐकावं लागतं. आत बसून काय कळतं? म्हणाला, काही झालेलं नाही साहेब. तो गेला. मी बसलो. बंद.
परत बोलावला. परत सुरू. गाडीला स्वतःच्या हाताची सवय लावून ठेवतात हे लोक.

गुरुवार
बायको म्हणाली, अहो, मला एकदा बसू द्या. म्हटलं, मला दाद देत नाही ती गाडी तुला देणार? टेस्ट पुढे ढकल. म्हणाली, तोवर नोकरी दुसऱ्या कुणाला जाईल. मग भावाला फोन करायला आत गेली. समजूतदार आहे.
किल्ली उशीखाली ठेवली.

शुक्रवार, सकाळी
अंघोळ करताना बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज. शेजाऱ्याची असणार. इंजिन खरखरतंय, चालवणाराही कच्चा.
बाहेर आलो. दारात गाडी नाही. उशीखाली किल्ली नाही. उशीवर काळी चिकटपट्टी.

संध्याकाळी
पास झाली. मेहुणा शेजारी बसून गेला होता. दात काढत होता.
तिने दिवा दाखवला. चित्रातला पाय पेडलवर आहे. म्हणाली, क्लच दाबल्याशिवाय ही सुरूच होत नाही हो. मी म्हटलं, चित्र फार बारीक काढलंय. कंपनीला कळवायला हवं.

सोमवार
तिच्या नव्या ऑफिसच्या वाटेवर तिने मला बसस्टॉपवर सोडलं. पट्टा लावा म्हणाली. लावला.
बाजूच्या सीटवर पायाला काही काम नसतं. क्लच जपला जातो.