घुबडाखालचा ओरखडा

बाबा,

गाडीवर नऊ स्टिकर होते: टाकीवर चार, मडगार्डवर तीन, हेडलाइटच्या वर दोन. सगळे निघाले. तुम्ही काढून ठेवलेलं ब्लेड मी परत जागेवर ठेवलं आहे, त्याने रंगही गेला असता. मी हेअर ड्रायरने एकेक स्टिकर कोमट केला, जुन्या एटीएम कार्डाने कडा उचलली आणि सावकाश सोलला. चिकटा राहिला तिथे खायचं तेल चोळून साबणाच्या पाण्याने पुसलं. मडगार्ड अजून थोडं चिकट लागतंय, तेवढं संध्याकाळी गाडी विकत घ्यायला गिऱ्हाईक यायच्या आत पुसून घ्या.

टाकीवरचा मोठा गरुड शेवटी काढला. त्याच्यावरूनच तुम्ही दादाला "गाडीवर घुबड बसवलंस, वाटोळं केलंस तिचं" म्हणालात आणि तो मित्राच्या खोलीवर राहायला गेला. मी त्याला म्हटलंही होतं, "काढून टाक ना एकदाचा." तर म्हणाला, "राहू दे गं, तो बाबांसाठीच लावलाय." मला वाटलं, तुम्हाला चिडवायला.

गरुडाखाली लांब ओरखडा आहे, पार पत्र्यापर्यंत गेलेला. गाडी बोळात उभी असते आणि तिला खेटूनच तुम्ही रोज सायकल आत घेता, म्हणून दोन्हींना मोजायची टेप लावून बघितली.

मी प्रयोगशाळेत जाते आहे. दादा आज दिवसभर खोलीवरच आहे.

ओरखडा जमिनीपासून चौऱ्याहत्तर सेंटिमीटरवर. तुमच्या सायकलच्या कॅरिअरचा वाकलेला कोपरा चौऱ्याहत्तर सेंटिमीटरवर.