दसऱ्याची वरात

३१ ऑगस्ट २०२५, रविवार

वसुधाताईंना मी सोडणार नाही. आत्ताच लिहून ठेवते, उद्या सकाळी मऊ पडायला नको!

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आज आल्हादला झांज वाजवायची होती. अकरा वर्षांचा माझा मुलगा. अख्ख्या दिवसात पाच-सहा शब्द बोलतो, पण आरत्या सगळ्या पाठ. एक कडवं चुकत नाही, सूर तर नाहीच नाही. महिनाभर घरात झांज चालली होती, माझं डोकं उठलं होतं. आज पहिली आरती इतकी छान झाली! दुसरी सुरू झाली आणि तो उड्या मारायला लागला. आनंद झाला की तो उड्या मारतो. ताल सुटला नव्हता त्याचा, मी ऐकत होते.

पण पुढच्या रांगेत फॅक्टरीचे कुणी मोठे साहेब पाहुणे म्हणून बसलेले. वसुधाताई – आमच्या अध्यक्ष – हसत हसत स्टेजवर चढल्या, त्याच्या हातातली झांज काढून घेतली आणि दंडाला धरून त्याला आत नेलं. मी मागे प्रसादाचे द्रोण भरत होते. वाटलं, पाणी पाजायला नेलं असेल. आरत्या संपल्या, मंत्रपुष्पांजली संपली, साहेबांचं भाषणही संपलं – मुलगा दिसेना. सापडला खुर्च्या ठेवायच्या खोलीत. बाहेरून कडी! हातात मोदक तसाच, कपाळावर टेंगूळ. भिंतीवर डोकं आपटून घेतलं त्याने.

आणि वर ताई मलाच समजावतात. "रागावू नकोस, प्रणोती. अशा मुलांना घरीच ठेवावं. लोक हसतात, ते बघवत नाही."

बघवत नाही म्हणे! मग डोळे मिटून घ्यायचे होते. कडी कशाला लावली?

२ सप्टेंबर

टेंगूळ हिरवं-निळं झालंय. आल्हादने झांज पलंगाखाली अगदी भिंतीपर्यंत ढकलून दिली.

नवरा माझा, अनुपम, म्हणतो, "काहून जिवाला लावून घेते तू? म्हातारी बाई आहे. सोडून दे नं." सोडून दे, सोडून दे! लग्नात सोडलं, मुंजीत सोडलं, आल्हादच्या चुलतबहिणीच्या वाढदिवसाला तर बोलावणंच आलं नाही, तेही सोडलं. आता नाही सोडत.

७ सप्टेंबर, रविवार

बागेत सगळ्यांना सांगितलं. सांगताना रडू आलं म्हणून आणखी राग आला.

आमचा ग्रुप म्हणजे अकरा घरं. सगळ्यांची मुलं 'अशी'. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला चालता येत नाही, कुणी आल्हादसारखं. दर रविवारी बागेत जमतो, डबे उघडतो, एकमेकांची मुलं सांभाळतो. ग्रुप बेबीदीदीने सुरू केला. ती जवळच्या पनागर गावची, माहेरी भाजीची आडत, आवाज अजून आडतीतलाच. तिची श्रद्धा सव्वीस वर्षांची आहे, व्हीलचेअरवर असते. नवं कुणी कळलं की त्या घरी पहिला फोन ग्रुपमधल्याच कुणीतरी करायचा, अशी तिची पद्धत. मला सात वर्षांपूर्वी तिनेच केला होता. डॉक्टरने सांगून तिसरा दिवस होता. तिने काही समजावलं नाही, काही विचारलं नाही, नुसतं म्हणाली, "खाना खाया कि नहीं?" नव्हतं खाल्लं. फोन चालू ठेवून तिने मला वरणभात खायला लावला होता.

आणि दुसरी पद्धत म्हणजे वरात. आमच्यातल्या एकाच्या मुलाला कुठून हाकललं, की पुढच्या वेळी तिथे सगळी अकरा घरं जातात. भांडायचं नाही, ओरडायचं नाही, मोबाइलवर काही काढायचं नाही. नुसतं गिऱ्हाईक म्हणून जायचं आणि बाकीचे बसतात तितका वेळ बसायचं. भेडाघाटला एका नाववाल्याने श्रद्धाला चढवायला नकार दिला होता. पुढच्या रविवारी त्याच्या दोन नावा आम्हीच भरल्या. आता तो लांबून आम्हाला पाहिलं की फळी टाकतो!

"तो बारात कहाँ ले जानी है?" बेबीदीदी म्हणाली.

तेच तर कळत नाही. गणपती गेले. मंडळाला कुलूप.

१५ सप्टेंबर

सापडलं!!

दसरा! दसऱ्याला संध्याकाळी मंडळाची सगळी मराठी मंडळी वसुधाताईंच्या घरी सोनं द्यायला जातात. त्या शाळेतून रिटायर झालेल्या, लग्न केलं नाही, एकट्या राहतात. मग सगळ्यांनाच वाटतं, दसऱ्याला तरी घर भरलेलं असावं. लाडू, चिवडा, साहेबांच्या बायका, सगळं असतं. आणि दसऱ्याला सोनं घेऊन दारात आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. पाठवूच शकत नाही!

मला तिचा तो चेहरा बघायचाय. सगळ्यांसमोर.

१६ सप्टेंबर

बेबीदीदीला दसऱ्याचं सोनं म्हणजे काय ते समजावलं. आधी वाटलं तिला, खरं सोनं. "इतना गुस्सा, कि सोना दे आएगी?" पानं असतात म्हटल्यावर हसत सुटली. तिचा भाऊ पनागरहून आपट्याच्या फांद्या पाठवणार.

२८ सप्टेंबर, रविवार

बागेत तालीम. श्रद्धाला पान हातात धरून ठेवायची सवय लावली. गुणवंतजी – रेल्वेतले, त्यांच्या मुलाला ऐकू येत नाही – विचारतात, "झगड़ा तो नहीं होगा ना, बहनजी?" मी म्हटलं, छे हो. नुसतं हसून सोनं देऊन यायचं.

हसून! दात आतापासून शिवशिवताहेत माझे.

२ ऑक्टोबर, दसरा

क्रमाने लिहिते.

सातच्या सुमाराला पोचलो. अकरा घरं, दोन व्हीलचेअर. बैठक मंडळाच्या माणसांनी भरलेली. ताई दारात आल्या, मला पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. "अगं… इतके सगळे?"

"सोनं द्यायला आलो, ताई. आज कोणाला परत नाही नं पाठवत?"

ताई बाजूला झाल्या. आम्ही शिरलो. सोफ्यावर, सतरंजीवर, जिन्याच्या पायरीवर – जागा मिळेल तिथे बसलो. साहेबांच्या बायकोने पदर सावरून घेतला. बेबीदीदीने श्रद्धाची खुर्ची थेट ताईंसमोर नेऊन लावली. "दीदी, मेरी बेटी पाँव नहीं छू पाएगी। आप ही झुक जाइए।" आणि ताई वाकल्या! सगळ्या मंडळासमोर कमरेतून वाकून श्रद्धाच्या हातातलं पान घेतलं. महिनाभर जो चेहरा डोळ्यांसमोर आणत होते, तो समोर होता. लाडू इतका गोड मला कधी लागला नव्हता.

तेवढ्यात आल्हादला देवघर दिसलं आणि त्याने आरती सुरू केली. मोठ्याने, उड्या मारत. मी थांबवलं नाही. ताईंकडेच बघत होते. आता काढा ना आत, म्हटलं मनात.

एक कडवं झालं. तो श्वास घ्यायला थांबला, आणि पुढचं कडवं वरून आलं.

वरून! पुरुषाचा आवाज, जाड, शब्द अर्धे गिळलेले, पण कडवं बरोबर. आल्हादने वर पाहिलं, त्याच्या पुढचं कडवं म्हटलं, थांबला. वरून पुन्हा उत्तर. ताईंच्या हातातलं तबक वाकडं झालं, चिवडा सांडत होता, त्यांचं लक्ष नव्हतं. "प्रणोती, त्याला धर," म्हणाल्या. धरेपर्यंत पोरगा जिना चढून गेला होता. कडी सरकल्याचा आवाज खालपर्यंत आला.

खाली येताना दोघं हातात हात घालून आले. गोल चेहऱ्याचा, बुटका, पांढऱ्या केसांचा माणूस. पन्नाशीचा तरी असेल. आल्हादपेक्षाही लहान मूल वाटेल असं हसू. इस्त्रीचा सदरा, तेल लावून भांग पाडलेला, नखं कापलेली. सगळ्यांना नमस्कार करत सुटला, एकेकाला दोनदा.

ताई म्हणाल्या, "रामकृष्ण, चप्पल घाल. फरशी गार आहे."

मग आमच्याकडे न बघता, "माझा भाऊ."

मंडळाची माणसं उठली. अजून दोन घरं करायचीत, उशीर झाला, येतो ताई. पाच मिनिटांत बैठकीत फक्त आम्ही उरलो.

३ ऑक्टोबर

मंडळातल्या समृद्धीचा फोन. बातमी सगळ्या गावात. हा भाऊ लहानपणीच तापाने गेला असं ताईंच्या आईवडिलांनी सांगितलं होतं. ते गेल्यावर ताईंनी तसंच चालू ठेवलं. लग्न केलं नाही ते त्याच्यासाठीच. शेजाऱ्यांना म्हणे माहीत होतं, कुणी बोललं नाही इतकंच.

समृद्धीला वाटलं, मी हळहळेन. मी जास्तच पेटले! ज्याला काहीच माहीत नाही त्याला एकवेळ माफ करीन. हिच्या घरात होता. हिला सगळं माहीत होतं. आणि हिने माझ्या पोराला कोंडलं?

खोटं कशाला लिहू, तिचं तबक वाकडं झालं तेव्हा मला आनंद झाला होता. आजही आठवून होतोय. फक्त तो भांग डोळ्यांपुढून जात नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

बेबीदीदी म्हणते, पहिला फोन मी करायचा. मी!

"तू उसको जानती है. बोली भी तुम्हारी एक है."

म्हटलं, मरून गेले तरी करणार नाही. वरात तिच्यावरच नेली होती ना आपण?

"बारात परायों के घर जाती है. ये तो अपनी निकली."

तुझी असेल. माझी नाही. डबा न उघडताच घरी आले. आल्हाद रस्ताभर माझा हात ओढत होता, त्याला श्रद्धाकडे थांबायचं होतं.

६ ऑक्टोबर

फोन बेबीदीदीनेच केला. ताईंनी ठेवून दिला. तिने परत केला. परत ठेवला. आडतीवाल्यांची मुलगी ती, दिवसभर करत राहिली. शेवटी ताई म्हणाल्या, "जेवलोय आम्ही दोघंही," आणि ठेवला.

९ ऑक्टोबर

मंडळाने ताईंकडे राजीनामा मागितला. प्रकृतीचं कारण द्या म्हणाले. समृद्धी फोनवर आनंदाने, "चलो, झालं तुझ्या मनासारखं! अगं, घरात वेडा भाऊ अन् बाई आपल्याला संस्कार शिकवून राहिली होती."

वेडा.

या लोकांनी मला काय समजलंय? मला तिची खुर्ची नको होती. तिने माझ्या मुलासमोर उभं राहून चूक झाली म्हणावं, एवढं हवं होतं मला. आणि हा हिशेब माझा नि तिचा आहे. त्या दिवशी कडी लागली तेव्हा हीच समृद्धी खोलीबाहेर उभी होती, खुर्च्या मोजत! तिला तोंडावर सांगितलं, तो वेडा असेल तर माझाही वेडा आहे, पुन्हा फोन करू नको.

अनुपम दारातून ऐकत होता. "बरं केलं," म्हणाला. पहिल्यांदाच सोडून दे म्हणाला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

बेबीदीदीने ताईंना मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये घातलं, कुणाला न विचारता. मी ग्रुप सोडला. पाच मिनिटांनी तिलाच सांगून परत आत आले, कारण पुढच्या रविवारी नदीवर तिलवाऱ्याला जायचं की बागेत, ते कळणार कसं?

१४ ऑक्टोबर

ताई सगळे मेसेज वाचतात. लिहीत काही नाहीत. गुणवंतजींनी रामकृष्णजींना नमस्कार कळवला होता. त्यालाही उत्तर नाही. बघा, म्हटलं, ताठा आहे तसाच आहे.

१७ ऑक्टोबर

दुपारी ग्रुपवर वसुधाताईंचा पहिला मेसेज. शुद्ध मराठीत, सगळे पूर्णविराम जागच्या जागी.

"दिवाळीसाठी रामकृष्णला केस कापायला नेले होते. आजवर घरी मीच कापत असे. अर्धे झाल्यावर त्याला गुदगुल्या होऊन तो मोठ्याने हसू लागला. बाकीची गिऱ्हाईके उठली. दुकानदाराने आम्हाला तसेच बाहेर काढले. त्याचे एका बाजूचे केस राहिले आहेत. तो आरशासमोरून हलत नाही. अशा वेळी तुम्ही काय करता?"

माफ मी अजून केलेलं नाही. पण बेबीदीदीच्या आधी उत्तर माझं गेलं – ताई, सलून कुठलं? रविवारी अकरा वाजता आम्ही सगळे केस कापायला येतो.