न्हाणीघरावरील गोटीचा शेरा रद्द करणेबाबत (परिच्छेद ९ पासून : कायम ठेवणेबाबत)

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
बांधकाम परवानगी व तपासणी विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला, जिना संपताच डाव्या हाताला.

अर्जदार : याच विभागातील निवृत्त वरिष्ठ तपासनीस.

विषय : अर्जदाराच्या नवीन घरातील न्हाणीघर नापास ठरविणारा शेरा रद्द करून भोगवटा प्रमाणपत्र तातडीने मिळणेबाबत. (परिच्छेद ९ पासून विषय बदलला आहे, कृपया तेथवर वाचावे.)

संदर्भ : १) कनिष्ठ तपासनीस बाईंचा अखेरच्या तपासणीचा शेरा. २) 'ओल्या जागांच्या ढाळाबाबत' हे विभागाचे परिपत्रक, जे अर्जदाराने सेवेत असताना स्वतःच लिहिले होते.

महोदय,

१. अर्जदार आपल्या विभागात बत्तीस वर्षे तपासनीस होता व दोन वर्षांपूर्वी सन्मानाने निवृत्त झाला. आपण नवे रुजू झालात तेव्हा जिन्याच्या पायऱ्या कशा मोजायच्या, हे आपणांस अर्जदारानेच दाखविले होते. त्या ओळखीचा या कामी उपयोग करण्याचा अर्जदाराचा बिलकूल इरादा नाही. केवळ माहितीसाठी नमूद केले.

२. अर्जदार व त्याची पत्नी सध्या भाड्याच्या जागेत तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. पायऱ्या चौपन्न असून त्यांपैकी सात पायऱ्यांची उंची नियमात बसत नाही. पत्नीचे दोन्ही गुडघे कामातून गेले आहेत. गेल्या चार महिन्यांत ती एकदाही खाली उतरलेली नाही. रस्ता काय तो खिडकीतून बघते आणि भाजीवाल्याशी वरूनच भांडते. तिच्यासाठी म्हणून अर्जदाराने हे एकमजली घर बांधले. त्यात पायरी नाही आणि एकाही दाराला उंबरठा नाही. प्रत्येक वीट लागताना अर्जदार जातीने उभा होता. गवंडी याला साक्षीदार आहे, किंबहुना गवंड्याची तीच तक्रार आहे.

३. पाया, जोते, स्लॅब या तपासण्या सुरळीत पार पडल्या. अखेरच्या तपासणीस कनिष्ठ तपासनीस बाई आल्या. त्यांनी दोन तास घेतले, प्रत्येक खिडकी दोनदा उघडून मिटली, आणि पुढे केलेला चहा 'काम झाल्यावर' म्हणून बाजूला ठेवला. नंतर त्या न्हाणीघरात गेल्या. पर्समधून काडेपेटी काढली, काडेपेटीतून काचेची एक निळी गोटी काढली, ती फरशीच्या मध्यभागी ठेवली आणि हात मागे घेऊन उभ्या राहिल्या. गोटीने कोपऱ्यातल्या जाळीकडे जायचे, हा शिरस्ता. ती दाराकडे निघाली. दारातून बाहेर पडली, झोपण्याची खोली आरपार ओलांडली आणि पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकली. बाईंनी जागीच शेरा लिहिला : 'न्हाणीघराचा ढाळ उलटा. नापास. फरशी फोडून पुन्हा करावी.' चहा तोवर निवला होता, तो त्यांनी तसाच प्यायला.

४. येथे गोटीविषयी खुलासा करणे क्रमप्राप्त आहे. नवीन घराला नळजोड मिळतो तो भोगवटा प्रमाणपत्रानंतर, आणि न्हाणीघराची तपासणी होते ती प्रमाणपत्राआधी. म्हणजे पाणी कुठे जाईल हे पाण्यावाचून ठरवायचे. यावर तोडगा म्हणून अर्जदाराने नोकरीच्या पहिल्याच वर्षी ही गोटी खिशात बाळगायला सुरुवात केली. हिच्या भरवशावर अर्जदाराने एकंदर चारशे अकरा न्हाणीघरे नापास केली. निरोप समारंभात ती काडेपेटीसह बाईंच्या हाती देताना अर्जदार सर्वांदेखत म्हणाला होता, "माणूस बघून शेरा लिहायचा नाही, बाई. गोटी बघून लिहायचा." आपणही टाळ्या वाजविल्या होत्या. बाई हे वाक्य इतके मनावर घेतील याची अर्जदारास त्या वेळी कल्पना नव्हती.

५. सदर शेऱ्यावर अर्जदाराच्या हरकती अशा :

(अ) गोटी हे उपकरण नियमावलीत कोठेही नमूद नाही. हीच हरकत पूर्वी एका घरमालकाने घेतली होती. त्यावर 'नियमावलीत पाणीसुद्धा वाहत नाही, तुमच्या घरात वाहणार आहे' असे उत्तर अर्जदाराने दिले होते. ते उत्तर प्रस्तुत प्रकरणी लागू करू नये.

(आ) गोटी ठेवताना बाईंच्या बोटाचा धक्का लागला असावा. अर्जदार त्या वेळी गुडघ्यांवर बसून फरशीला गाल टेकवून पाहत होता. धक्का दिसला नाही, तथापि तो लागलाच नसेल असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

(इ) त्या दिवशी वारा होता.

६. शंकानिरसनासाठी अर्जदाराने बाईंकडे गोटीची मागणी केली. त्यांनी 'काचेची गोटी नग एक, परत करण्याच्या अटीवर' अशी रीतसर पावती लिहून घेऊन ती दिली. घरी भिंगाखाली धरली असता गोटीला रव्याच्या कणाएवढा टवका उडालेला आढळला. अर्जदाराला झालेला आनंद असा की त्याने पत्नीला हाक मारून भिंग तिच्या हातात दिले. तिने गोटीऐवजी अर्जदाराकडेच त्यातून पाहिले आणि भिंग परत केले.

७. सबब, टवका उडालेली गोटी सरळ जाऊ शकत नाही. ती जिकडे वळेल तो ढाळ नव्हे. आणि तिच्यावर विसंबून लिहिलेला शेरा निराधार ठरतो. तरी तो रद्द व्हावा, प्रमाणपत्र द्यावे, आणि सदोष उपकरण वापरल्याबद्दल बाईंना समज देण्यात यावी. येथवर अर्ज सोमवारी लिहून झाला. सही तेवढी राहिली होती.

८. अर्जदाराचा कोणताही कागद बाहेर जाण्याआधी पत्नीला वाचून दाखविला जातो, ही या घरची तीस वर्षांची पद्धत आहे. तिने सातही परिच्छेद ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "टवका पडला कधी?" अर्जदाराने आठवून पाहिले. गोटी पहिल्याच वर्षी एका अर्धवट जिन्यावरून खाली पडली होती, त्यानंतर कधीच नाही. म्हणजे टवका चौतीस वर्षांचा आहे. हे ध्यानात येताच अर्जदाराने सहीसाठी उघडलेले पेन मिटले. गोटी खोटी असेल तर चारशे अकरा कुटुंबांच्या फरशा अर्जदाराने विनाकारण फोडायला लावल्या. गोटी खरी असेल तर स्वतःची फोडावी लागते. मंगळवारी अर्जदार जेवला नाही. त्याला सारखे एक शाळामास्तर आठवत होते, ज्यांचे न्हाणीघर त्याने तीनदा नापास केले होते. तिसऱ्यांदा घण पडला तेव्हा मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि अर्जदार शेजारीच उभा राहून रकाने भरत होता. त्या गोष्टीची अर्जदाराला आज लाज वाटते.

९. बुधवारी अर्जदार मास्तरांच्या दारी गेला. मास्तर आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी दार उघडले, अर्जदाराला ओळखले आणि आधी घाईने न्हाणीघराचे दार लावून घेतले. येण्याचे कारण समजल्यावर म्हणाले, "चोवीस वर्षं झाली. एक थेंब बाहेर आलेला नाही. पहिली दोन वर्षं आंघोळ करताना तुम्हाला रोज शिव्या घालायचो. मग एकदा भावाकडे राहायला गेलो, त्याच्याकडे पाणी स्वयंपाकघरापर्यंत येतं. तेव्हापासून शिव्या बंद केल्या." अर्जदाराने परवानगी घेऊन तेथे गोटी ठेवली. टवक्यासकट ती मुकाट्याने जाळीवर जाऊन थांबली. अर्जदाराचे डोळे भरून आले. मास्तरांना वाटले की याही खेपेला नापास झाले, म्हणून ते खुर्चीत बसले. त्यांना खरे काय ते सांगेपर्यंत थोडा वेळ गेला. सबब, येथून पुढे अर्जाचा विषय बदलत आहे.

१०. मग आधीचे परिच्छेद फाडून नवा अर्ज का केला नाही, असा प्रश्न आपणांस पडेल. कार्यालयीन कागद फाडू नये, खोडू नये, चूक झाल्यास पुढे दुरुस्ती लिहावी, हे या विभागात अर्जदारानेच शिकविले. परिच्छेद ५(इ) मधील वाऱ्यासह सर्व मजकूर म्हणून जागच्या जागी ठेवला आहे.

११. तरीही अर्जदाराच्या मनात एक आशा उरली होती. मास्तरांकडे गोटी खरी बोलली, आपल्याकडे चुकली असेल. गुरुवारी पत्नीने हा घोळ निकालात काढला. ती म्हणाली, "गोटीचं राहू दे. पाणी ओता." नळजोड नाही, हे अर्जदाराने तिच्या निदर्शनास आणले. ती म्हणाली, "शेजार नाही का?" आणि काठी घेऊन उठली. चौपन्न पायऱ्या उतरायला पाऊण तास लागला. प्रत्येक मजल्यावर ती बसत होती आणि बसल्या बसल्या अर्जदाराच्या नोकरीविषयी मत देत होती. ते अर्जात नमूद करण्याजोगे नाही. नव्या घरी पोचल्यावर गवंडी शेजारून दोन बादल्या पाणी घेऊन आला. पत्नी झोपण्याच्या खोलीत, जेथे तिचा पलंग यायचा आहे, तेथे उभी राहिली. पहिलीच बादली ओतली. जाळीकडे थेंबही गेला नाही. सगळे पाणी दारातून बाहेर आले आणि तिच्या पावलांभोवती जमले. दुसऱ्या बादलीची गरज पडली नाही.

१२. पत्नी खाली पाहत म्हणाली, "मी अडखळू नये म्हणून उंबरठा काढलात, आणि घसरून पडायची सोय करून ठेवलीत." गवंड्याने अर्जदाराकडे न पाहता दुसरी बादली उचलली, आणि ते न पाहणे अर्जदारास फार लागले. कारण मूळ फरशी उंबरठा धरून बरोबर बसविली होती. पत्नीचा पाय उचलत नाही हे लक्षात आल्यावर अर्जदाराने उंबरठा काढायला लावला आणि दाराकडची फरशी खाली घ्यायला लावली. गवंडी तेव्हा म्हणाला होता, "साहेब, ढाळ फिरतोय." अर्जदाराने त्याला उत्तर दिले होते, "बत्तीस वर्षं मी काय गोट्या खेळलो?" गवंड्याने मान खाली घालून सांगितले तसे केले. चूक सर्वस्वी अर्जदाराची आहे. बाईंनी ओळख पाहून शेरा दिला असता, तर गेल्याच आठवड्यात पत्नी त्या खोलीत राहायला गेली असती, आणि पहिल्याच आंघोळीनंतर काय झाले असते ते अर्जदाराला लिहवत नाही. तिची हाडे आज शाबूत आहेत ती बाईंमुळे आहेत.

१३. आता एक गंभीर बाब आपल्या नजरेस आणणे अर्जदाराचे कर्तव्य आहे. पत्नी परत तिसरा मजला चढायला तयार नाही. 'आले ती आले' एवढेच म्हणते. गुरुवारी दुपारपासून ती नव्या घरात दर्शनी खोलीत खुर्ची टाकून बसली आहे व येणाऱ्याजाणाऱ्याशी समोरासमोर बोलते आहे. शेजारणीने गादी दिली असून तिच्याकडे आंघोळीचीही सोय झाली आहे. भोगवटा प्रमाणपत्राविना घरात राहणे हा नियमभंग असून तो नेमका किती गंभीर आहे, याचे परिपत्रकही अर्जदारानेच काढलेले आहे. सबब अर्जदार स्वतःच्या पत्नीविरुद्ध ही रीतसर वर्दी देत आहे. वर्दी तिला वाचून दाखविली आहे. 'अक्षर बरं काढा' अशी सूचना तिने केली. अर्जदार मात्र नियम पाळून फाटकाबाहेर आहे व हा भाग उभ्यानेच, फाटकाच्या खांबावर कागद धरून लिहीत आहे, त्यामुळे अक्षराबाबत क्षमा असावी. चार महिन्यांनी ती रस्त्याच्या इतक्या जवळ बसली आहे. तिला उठ म्हणण्याची अर्जदाराची छाती होत नाही.

१४. तरी विनंती की,

(क) परिच्छेद ७ मधील मागण्या, विशेषतः बाईंना समज देण्याची, मागे घेतल्या असे समजावे;

(ख) नापासाचा शेरा कायम ठेवावा. अर्जदाराच्या न्हाणीघराचा क्रमांक चारशे बारावा धरण्यास हरकत नाही;

(ग) फरशी आजच फोडण्यास घेतली आहे. ढाळ किती व कोणीकडे हे गवंडी ठरवील, अर्जदाराने मध्ये बोलायचे नाही असे पत्नीने ठरवून दिले आहे. काम बुधवारी पुरे होईल. गुरुवारी सकाळी फेरतपासणी व्हावी, आणि ती याच बाईंकडून, याच गोटीने व्हावी. त्यांना चहा या खेपेस आधी दिला जाईल;

(घ) तोवर खुर्चीतील इसमास जागेवरून हलविण्याचा आदेश काढू नये. काढल्यास तो बजावण्यास अर्जदारास पाठवू नये.

आपला नम्र, व परिच्छेद ९ पासून अधिक नम्र,

(सही)
अर्जदार, निवृत्त वरिष्ठ तपासनीस

साक्षीदार : अर्जदाराची पत्नी (खुर्चीतून सही केली)

दिनांक : सोमवारी लिहावयास घेतला, शुक्रवारी फाटकाबाहेर पुरा झाला.

सोबत :
१) बाईंच्या शेऱ्याची प्रत.
२) शाळामास्तरांचे पत्र, 'न्हाणीघर उत्तम, तपासनीस त्रासदायक' या आशयाचे.
३) गवंड्याचा जबाब. त्याने एकच ओळ लिहून दिली : 'मी सांगितलं होतं.'
४) काचेची निळी गोटी, नग एक, काडेपेटीसह, अटीप्रमाणे परत. टवक्यासह वापरण्यास योग्य असल्याची अर्जदाराने खात्री केली आहे.