घरात न लागणारं कार्ड

प्रिय शैलेश,

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही दोघी बऱ्या आहोत. फोन केला तर तू उचलत नाहीस आणि उचललास तर दुसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं. म्हणून लिहितेय.

जुईली अकरावीला पौडला जाते. एसटी चुकली की ती कुठे अडकलीय ते मला कळत नाही. माझा जुना फोन तिला द्यायचा आणि त्यात प्रीपेड कार्ड टाकायचं, एवढंच काम होतं. त्याने माझं डोकं उठवलं. मला बोलणं आणि थोडंसं इंटरनेट हवं होतं. पण बघावा त्या प्लॅनमध्ये रोजचा ढीगभर डेटा, वर सिनेमे फुकट. अकरावीच्या पोरीने अभ्यास कधी करायचा? नुसत्या बोलण्याचा प्लॅन मागितला, तर पिरंगुटच्या दुकानात साबीरभाई असे बघायला लागले, जणू मी रॉकेल मागतेय. ऑफिसात प्रत्येकाचा सल्ला निराळा. घरमालक भिवाजीकाका म्हणाले, "पोरीला फोन देऊ नका, लई डोक्याला ताप हाय."

शेवटी इथे घोटावड्यात आपल्या घरभर रेंज येणारी कंपनी मी ठरवली, तर जुईली दुकानातच अडून बसली. तिला दुसरीच हवी होती. साबीरभाईंनीही सांगितलं, "ताई, ते कार्ड तुमच्या घरात लागायचं न्हाई. गच्चीवर जावं लागंल." तरी हिचा हेका तोच. मैत्रिणींचं बघून नाचतेस, असं मी चार गिऱ्हाइकांसमोर ओरडले.  ती तुझ्यासारखी खाली मान घालून उभी राहिली, आणि त्यानेच मी जास्त भडकले.

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर म्हणाली, "आई, बाबा राहतात तिथे फक्त तेच कार्ड लागतं. माझ्या वर्गातल्या वैष्णवीचं गाव तिकडेच आहे, तिला विचारलंय मी. मी तिकडे गेले तर तुझा फोन मला लागायला नको का?"

हिंजवडीची नोकरी गेली तेव्हा दुसरी मिळेपर्यंत म्हणून तू लवासाकडच्या त्या बंगल्यांची देखभाल घेतलीस आणि तिथलाच झालास. इतक्या महिन्यांत तिने एकदाही तुझ्याकडे यायचं नाव काढलं नव्हतं. मला वाटायचं, तिला सवय झाली. ती मात्र मला काळजी वाटू नये याचीही सोय बघून मोकळी झाली होती. मी दुकानात परत गेले आणि तेच कार्ड घेतलं. आता घरात तिचा फोन मुका असतो. ती गच्चीत उभी राहते, मी खालून जेवायला हाका मारते आणि पुन्हा चिडते.

दिवाळीची सुट्टी लागली की शनिवारी दुपारच्या एसटीने ती तुझ्याकडे येतेय. मी तिला पाठवत नाहीये, अडवतही नाहीये. तिचं तिने ठरवलंय. वैष्णवीचे वडील दुधाची गाडी घेऊन इकडे येतात, त्यांच्या हातीच हे पत्र देतेय, म्हणजे मिळालं नाही असं म्हणू नकोस. फाट्यावर आधीपासून उभा राहा, तिला वाट बघायला लावू नकोस. ती पोचली की तिच्या फोनवरून मला फोन करायला सांग. आणि तिचं बोलून झाल्यावर फोन तुझ्या हातात आला, तर ठेवू नकोस. मी भांडणार नाही.

जुईलीची आई, आणि अजून तरी तुझीच,
सुलक्षणा